टोकाचं मूल

१

विषय : जिनिंग फॅक्टरीच्या बंगल्याच्या बागेत झालेल्या मुलांच्या नाटकाचे जुने छायाचित्र, त्यातील मुलांची ओळख पटवून नावे लिहिणे.

संदर्भ : मा. तहसीलदारसाहेब यांची तोंडी सूचना.

वरील विषयी सविनय सादर करतो की, सदर काम अपुरे आहे. ते का अपुरे आहे हे सांगायला कचेरीची भाषा पुरत नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

बुऱ्हाणपुरात मला बडे बाबू म्हणतात. तहसील कचेरीतून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि पाठोपाठ राज्यच बदललं. या दोन घटनांचा काही संबंध आहे असं फक्त माझ्या बायकोला वाटतं. आम्ही नागपूरकडे तोंड करून झोपलो होतो, उठलो तर भोपाळ समोर. कपाटं रिकामी करण्याचा हुकूम सुटला. नकाशे एका बैलगाडीत, फेरफारांची बाडं दुसरीत, आणि कुठल्याच गाडीत न बसणारी एक चौकट साहेबांच्या टेबलावर आली.

साहेब ग्वाल्हेरकडचे, तरुण, बोलायला गोड. त्यांनी मला घरून बोलावून घेतलं.

"बडे बाबू, आप तो यहाँ के पुराने आदमी हैं. इन बच्चों के नाम लिख दीजिए. वाचनालय में टाँग देंगे."

"मी स्वतः यात नव्हतो, साहेब," एवढंच सांगून मी फोटो हातात घेतला आणि मला आनंद झाला. तो चांगल्या जातीचा आनंद नव्हता.

ते नाटक मला ठाऊक होतं. शाळेच्या मास्तरांनी लिहिलेला 'वनराजाचा दरबार'. फॅक्टरीच्या गोऱ्या मॅनेजरच्या मडमेला मुलांचं कौतुक, म्हणून तिच्या बागेत हिरवळीवर झालं. मोर, पोपट, फुलं, प्रधान, आणि मधोमध राजा. मला पोपट व्हायचं होतं. पोपटाची वाक्यं माझी पाठ होती, शेजारच्या फुलांचीही पाठ होती. पण त्या महिन्यात डोक्यात गजकर्ण झालं, आईने डोकं भादरून गंधक फासलं, आणि मास्तर म्हणाले, "दरबारात हे चालायचं नाही." राजा प्रभाकर झाला. मी बागेच्या भिंतीवर चढून सगळा खेळ बघितला. हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आता त्या सगळ्यांना नावं द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. ज्याला आत घेतलं नव्हतं त्याच्याच हातात हजेरी. मी चौकट धोतराच्या सोग्याने पुसली आणि घरी घेऊन आलो.

२

फोटो चांगला होता. त्या काळी फोटो काढताना श्वास रोखून बसावं लागे. जो हलला तो धुरकट उठे. यातल्या मोराला पिसारा आहे, चेहरा नाही. ऐन वेळी शिंकला असावा. बाकीची मंडळी डोळे फाडून समोर बघताहेत, कोणीतरी दम दिल्यासारखी.

पुढच्या रांगेत अगदी टोकाला एक मूल मांडी घालून बसलेलं आहे. त्याला पिसं नाहीत, पाकळ्या नाहीत, साधा कुडता आहे. ते कॅमेऱ्याकडे बघत नाही. मान पूर्ण वळवून चौकटीच्या बाहेर बघतंय, त्यामुळे आपल्याला दिसतो तो एक कान, गालाची कड आणि मान. मला खटकलं ते एवढंच, की ते जराही धुरकट नव्हतं. कोणी हाक मारली म्हणून वळलेलं मूल पुसट यायला हवं. हे आधीपासून वळून बसलेलं होतं, आणि बसून राहिलं होतं.

आणखी एक. ते मला आठवेना. हेवा करणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली असते. त्या दिवशी कोणाची पाकळी गळून पडली, कोणाला मडमेने बिस्किट दिलं, सगळं मला आजही सांगता येतं. हे मूल मात्र कुठे सापडेना.

मी कचेरीच्या शिरस्त्याने कामाला लागलो. फोटोवर पारदर्शक कागद धरून डोकी उतरवली, त्यांना आकडे दिले, आणि नियम केला की दोन साक्षीदारांनी सांगितल्याशिवाय ओळख ग्राह्य नाही. पहिला साक्षीदार प्रभाकर. आमच्याच बुधवाऱ्यात, चार घरं सोडून राहतो. शिक्षक होता. गल्लीतली म्हातारी माणसं अजून त्याला राजे म्हणतात आणि तो अजून वळून बघतो.

"या राजे," मी म्हटलं. "आपलं सिंहासन ओळखून घ्या, म्हणजे मी सुटलो."

त्याने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हा मी नव्हे."

"मग कोण? मडम?"

"असेल कोणी. मी हा." त्याचं बोट टोकाच्या मुलावर होतं.

"अरे, मुकुट बघ. मुकुटाखालचं नाक बघ. या गावात तसलं नाक दुसरं झालं नाही."

"नाकाचं सोड रे. हा कान बघ. खालची पाळी फाटलेली आहे. आमच्या वासराने ओढली होती." त्याने स्वतःचा कान माझ्यापुढे केला. पाळी खरंच फाटलेली होती. मी भिंग घेतलं. फोटोतलीही होती.

"मग तू राजा झालास तो कोण होता?"

"मी कुठे राजा झालो?" प्रभाकर म्हणाला. त्याला खरंच नवल वाटत होतं.

ज्या मुकुटासाठी मी आयुष्यभर त्याचा हेवा केला, तो त्याने देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा काढून ठेवला, आणि मागे वळूनही बघितलं नाही. मला इतका राग आला की त्या दिवशी दुसऱ्या कशाचा विचारच झाला नाही. माणसाने निदान आपल्या नशिबाची तरी कदर करावी.

३

दुसरा साक्षीदार चुडामण, जैनाबादचा केळीवाला. त्याचा बाप बंगल्यावर केळी पोचवायचा, म्हणून बोलावला.

"हा मी व्हय, बाबूजी," चुडामणने टोकावर बोट ठेवलं.

"तू नाटकात होतास?"

"नाटकात काह्याले? बापासंगं गेलो असन, बसलो असन तठी."

"कशावरून म्हणतोस?"

"मानीवरून. आपली मान आपल्याले समजत नाई का?"

"स्वतःची मान मागून कोणी बघितली आहे का, चुडामण?"

तो हसला. "तुमी कचेरीवाले. तुमाले शिक्का मारल्याबिगर मान बी दिसत नाई."

त्याच संध्याकाळी सोजरबाई आली. बंगल्याच्या माळ्याची मुलगी. आता हिच्या सुना आजी झाल्या. तिने फोटो डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अगं माय, मी बसली तं हाये."

"सोजरबाई, हा मुलगा आहे."

"कान टोचेल हाये त्याचा. पोराचा टोचतात का असा, वरती? पाहा ना तुमच्या काचंतून."

मी पाहिलं. कानाच्या वरच्या बाजूला भोक होतं. खाली पाळी अखंड होती.

जुना कागद आहे, भिंगाला चरा गेलेला आहे, दिवेलागणीची वेळ आहे. मी ही तिन्ही कारणं मनात ओळीने मांडली आणि माझं समाधान झालं. समाधान करून घेण्याची माझी नोकरीभर ख्याती होती.

मग मी एक चूक केली. ती माझ्यासारखा बाबूच करू शकतो. एका जागेवर तीन दावे आले की हरकती मागवायच्या असतात. मी वाचनालयाच्या दारावर सूचना लावली: सदर छायाचित्रातील टोकाच्या मुलाबाबत ज्या कोणास हरकत असेल त्याने समक्ष येऊन छायाचित्र पाहावे.

माणसं आली. बुधवाऱ्यातली आली, नदीपलीकडची आली, बाजाराच्या दिवशी खकनारहून बैलगाडीने आली. ओसरीवर चपलांचा ढीग पडायला लागला. प्रत्येकाकडे पुरावा होता. कोणाचा तीळ, कोणाचा भोवरा, कोणाचा कुडता थोरल्या भावाचा म्हणून खांद्यात ढगळ. मी भिंग धरायचो आणि ते ते तिथे असायचं. मोर कोणाला नको होता, पोपट कोणाला नको होता. मुकुटवाल्या राजाकडे तर कोणी बघेना.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. नाही. आधी हेवाच वाटला. गावातला आलागेला त्या चौकटीत बोट टेकवून "हा मी" म्हणत होता आणि निश्चिंत होऊन जात होता. सगळे गेले की मी दार लोटून, भिंग घेऊन, त्याच कानाकडे बघत बसायचो. माझा कान मी आरशात पाठ केला. तो काही मिळेना. पंक्तीत सगळ्या गावाला पान, आणि वाढणारा मी उपाशी.

मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. जे बघून गेले ते बोलेनासे झाले होते. आजारी नव्हते, दुःखी नव्हते. प्रभाकर ओट्यावर मांडी घालून बसायचा. मी गल्लीतून निघालो की त्याची मान वळायची, मी वळणापर्यंत जाईतो वळत राहायची. खांदे जागचे हलायचे नाहीत. मला वाटलं, राजा पदच्युत झाल्याची खंत. घाटावर चुडामण नावेत बसला होता, त्याचंही तेच. केळीचे घड उतरवणारे त्याला हाका मारत होते आणि तो मी पायऱ्या उतरत होतो तिकडे बघत होता.

४

माझी बायको मालती अकोल्याची. बुऱ्हाणपूर तिने पहिल्यांदा बघितलं ते डोक्यावर अक्षता पडल्यावर. फोटो तिला दाखवायचं मला काही कारण नव्हतं, आणि तिला त्यात रसही नव्हता. ओसरीवरच्या गर्दीला चहा करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

एका दुपारी ती माझ्या टेबलाजवळ मेथी निवडत बसली होती. देठ टाकायला कागद हवा म्हणून तिने हात लांबवला आणि तो चौकटीवर थांबला.

"अहो," ती म्हणाली, "ही मी."

मी हसलो. "तू तेव्हा पाळण्यात होतीस. तोही अकोल्याला."

"असेन. पण ही मीच."

"बरं. काय करतेस तिथे?"

"वाट बघतेय." ती अगदी सहज बोलत होती, मेथी निवडतच. "तो वर बसलाय ना, तो उतरतच नाही."

"वर कुठे?"

"भिंतीवर."

घरात सकाळपासून नळाची धार चालू असावी तसा एक आवाज मला येत होता, तो थांबला. किंवा तो आवाज नसावाच.

"कोण बसलाय भिंतीवर?" मी विचारलं.

ती हसली. खाली बघून, स्वतःशी, एखाद्याचं गुपित जपावं तशी.

"तुम्हाला काय करायचंय?"

मी सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. आमचा संसार वाईट झाला नाही. तिने माझं पथ्यपाणी केलं, मी तिला कधी टाकून बोललो नाही. पण हे हसू मी पाहिलं नव्हतं. हे तिच्यापाशी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते तिने कोणासाठी राखून ठेवलं होतं? त्या भिंतीवरच्या माणसाचा मला असा हेवा वाटला की कानशिलं तापली. प्रभाकरच्या मुकुटाचाही मी कधी इतका केला नव्हता. तो माणूस मीच होतो, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला. आल्यावरही हेवा काही उतरला नाही.

त्या दिवसापासून मालती कामं सगळी करायची, पण मी खोलीत असलो की तिची मान माझ्याकडे वळलेली असायची. मी खुर्ची बदलली. मान बदलली. मी माजघरात गेलो, परत आलो. भिंतीच्या ज्या बाजूला मी होतो त्याच बाजूला ती बघत होती. हातातली कणीक तशीच.

"काय बघतेस?"

"कुठे काय?"

आणि तिचा आवाज नेहमीचा होता, हे मला सगळ्यात वाईट वाटलं.

५

अडचण आली की प्रत्यक्ष जागेची पाहणी करावी. मी एका सकाळी, चांगलं ऊन चढल्यावर, बंगल्यावर गेलो.

तिथे आता कसलंसं सरकारी गोदाम आहे. चौकीदाराने मला सलाम करून आत सोडलं. हिरवळीच्या जागी एरंड माजलेला, पण भिंत तीच होती. कॅमेरा कुठे असेल, रांग कुठे असेल, याचा मी अंदाज घेतला. टोकाचं मूल जिकडे बघतंय ती दिशा धरून चालत गेलो आणि भिंतीशी पोचलो. मी चढलो होतो त्या जागेशी. पाय ठेवायचे दोन खळगे अजून होते.

कोन चुकत असेल, असं मला वाटलं. जमिनीवरून नक्की कळणार नव्हतं. या वयात भिंतीवर चढणारा माणूस कसा दिसतो याची मला कल्पना आहे, म्हणून चौकीदार आत गेलेला पाहून मी चढलो. वर बसून धाप जिरवली, मग खाली बघितलं.

एरंडात प्रभाकर बसला होता. मांडी घालून, रांगेच्या टोकाची जागा होती तिथेच. रांग नव्हती. त्याची पाठ मला दिसत होती.

"तू केव्हा आलास?" मी म्हटलं.

दूर गोदामात पत्रा वाजत होता.

"प्रभाकर, ऊन लागेल. ऊठ."

"अनंता," तो म्हणाला. मला अनंता म्हणणारं आता कोणी राहिलेलं नाही. "उतर ना रे. किती वेळ बसवतोस?"

"कोणी बसवलंय तुला?"

"उतर ना."

आवाज त्याचाच होता. चिडवण्याचा नव्हता, रडका नव्हता. खेळ संपून सगळे घरी गेल्यावर जो एक गडी मागे थांबतो, त्याचा असतो तसा. मग त्याची मान वळायला लागली. खांदे तसेच, फक्त मान. गालाची कड दिसली, कान दिसला. त्यापुढचं दिसायच्या आत मी उतरलो. बाहेरच्या बाजूला. कोपर सोलून निघालं.

६

घरी आलो तेव्हा ऊन माजघरापर्यंत आलं होतं. मालती उंबऱ्याशी पाट घेऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पाठ केलेली पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी तिला हाक मारली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फोटोत त्या मुलाची फक्त कड दिसते. ते समोरून कसं होतं हे फोटोवाल्याला ठाऊक नाही, मडमेला ठाऊक नाही, रांगेतल्या कोणालाच ठाऊक नाही. जिकडे ते बघत होतं तिकडे मी एकटा होतो.

मालतीने मान वळवली.

कुंकू जागेवर होतं, नाकाची चमकी जागेवर होती. सगळा चेहरा मालतीचाच होता. आणि पोपडा उडाल्यावर भिंतीचा आधीचा रंग दिसावा तसं त्याच्याखाली दुसरं काही क्षणभर दिसलं. लहान होतं. धीर धरून बसलेलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. फक्त इतकी वर्षं कोणीही कोणाकडे बघू नये, तसं ते माझ्याकडे बघत होतं.

ते मला ओळखत होतं. मी त्याला ओळखलं नाही.

"वाढू का?" मालती म्हणाली. "हाताला काय लागलं?"

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. पूर्ण वेळ ताटाकडे बघत होतो.

७

मी त्यावर बराच विचार केला आणि मला एकच मार्ग दिसला. टोकाची जागा माझ्या नावावर चढवून घ्यायची. मी खाली रांगेत बसलेला होतो असं एकदा मंजूर झालं, की भिंतीवर कोणी उरत नाही. तिकडे बघण्यासारखं काही राहत नाही. मग प्रभाकर उठून घरी जाईल, आणि मालती आपली मान सरळ करून मेथी निवडील. ते हसू पुन्हा दिसणार नाही; चालेल. कोणाचं होतं हे न कळता मला ते नकोच आहे. आणि खरं सांगायचं, तर त्या जागेवर बसायची मला इच्छाही होती. सगळं गाव बसून आलं होतं.

अर्ज मी स्वच्छ अक्षरात लिहिला आणि फोटोसकट कचेरीत गेलो. साहेबांनी वाचला.

"लेकिन बडे बाबू, आपने तो कहा था आप इसमें थे ही नहीं."

"नजरचूक, साहेब."

ते हसले. मी त्यांच्या हातात फोटो द्यायला नको होता. त्यांनी तो उजेडाला धरला, मग भिंग मागितलं. पंखा ओढणारा दोर खुंटीशी घासत होता तेवढाच आवाज.

"अजीब बात है," साहेब हळूच म्हणाले. "यह कुर्ता मेरी माँ का सिला हुआ है."

"साहेब, आप तब पैदा भी नहीं हुए थे."

"हाँ. सो तो है."

त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग नमस्कार करून निघालो. दारातून मागे बघायचं नाही एवढं मला कळत होतं.

आता कायद्याची अडचण अशी, की ज्या प्रकरणात अधिकाऱ्याचा स्वतःचा दावा आहे ते त्याला निकालात काढता येत नाही. वर पाठवावं लागतं. साहेब ते वर पाठवत नाहीत. मी आठवड्यातून एकदा चौकशीला जातो. शिपाई दाराचा चिकाचा पडदा उचलतो, तेव्हा साहेब आधीच दाराकडे बघत असतात. मी टेबलाच्या कडेकडे बघून विचारतो. ते म्हणतात, "देखते हैं."

फोटो वाचनालयात लावला आहे, नावांशिवाय. मालतीची तब्येत चांगली आहे. मी हे लिहितो आहे तेव्हा ती मागे पाटावर बसली आहे.

अर्ज विचाराधीन आहे.